पीटी सरांना, जरा उशिरानेच

सर नमस्कार, मी तुमच्याशी भांडायला आले होते ते तुम्हाला आठवत असेलच. पोराला रिलेच्या टीममधून काढलंच कसं म्हणून शाळेच्या ऑफिससमोर केवढी बोलले मी, आणि तुम्ही शांतपणे एवढंच म्हणालात, ताई आधी त्याचा ईसीजी काढून आणा मग बघू. १४ वर्षांच्या पोराचा ईसीजी! घरी सगळे म्हणत होते ॲसिडिटी आहे, मिसळ बंद करा (नाशकात राहून हे कोण ऐकणार). पण गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर तो दर वेळी दुसऱ्या फेरीलाच थांबतो, छातीवर हात धरतो आणि दोन मिनिटं बसला की बरा होतो, हे तुम्ही बघून ठेवलं होतं. आम्ही त्याला आळशी म्हणायचो सर.

ईसीजी झाला, मग टूडी इको, मग सीटी अँजिओ. हृदयाच्या रक्तवाहिनीला ८ मिलिमीटरपेक्षा मोठा फुगा आणि त्याच्यापुढे जवळजवळ बंद. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी पाच-सहा दिवस उतरतच नाही असा ताप, डोळे लाल, जीभ स्ट्रॉबेरीसारखी, नंतर बोटांची सालं निघाली, असं काही? झालं होतं ना, ३ वर्षांचा असताना, तेव्हा व्हायरल आहे म्हणून सिरप देऊन घरी पाठवलं होतं. तो कावासाकी होता. जपानच्या डॉ. तोमिसाकू कावासाकींनी १९६७ मध्येच लिहून ठेवलेला आजार, आणि पहिल्या १० दिवसांत आयव्हीआयजीचं (म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीजचं) सलाईन मिळालं तर असे फुगे होण्याचा धोका बराच कमी होतो, हे मला ११ वर्षांनी कळतंय. त्या रात्री मी जेवले नाही.

बायपास मुंबईला झाली. मला वाटायचं ते म्हाताऱ्यांचं ऑपरेशन. याला पायाची शीर नाही लावली, छातीच्या आतलीच धमनी जोडली, ती म्हणे पोराबरोबर वाढते आणि जास्त वर्षं टिकते. ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं मधलं हाड जुळेपर्यंत दप्तर उचलायचं नाही, तर बहीण उचलायची आणि रोज हिशोब मागायची.

आता ॲस्पिरिन रोज चालू आहे. शनिवारी सकाळी तो ट्रॅकवर येतोय, डॉक्टरांनी चालायला हो म्हटलंय, पळायला अजून नाही. तेवढं लक्ष ठेवा सर, माझं तो ऐकत नाही, तुमचं ऐकतो.