शिवणाच्या काकूंना, मनापासून

काकू, नमस्कार.

तुमच्यासमोर बोलायला गेले की घसा दाटून येतो, म्हणून लिहितेय.

मला ज्या प्रकारचा संधिवात आहे, त्यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते. सकाळी उठल्यावर तासभर, कधी त्याहून जास्त वेळ, माझी बोटं वळत नाहीत. सुरुवातीला एका डॉक्टरांनी रक्त न तपासताच 'घरकामाची सवय ठेवा' असं सांगून परत पाठवलं होतं. दिव्यांगत्वाच्या दाखल्याच्या वेळी अपंगत्व 40 टक्के भरतं का, एवढंच पाहिलं गेलं. ब्लाऊजचं हूक लावता येतं का, हे कुणी विचारलं नाही. जिथे वर्षानुवर्षं शिवायला टाकत होते, त्या दुकानातली मुलगी म्हणाली, "मग गाऊनच घाला ना." रोज नवऱ्यापुढे उभं राहून हुकं लावून घेताना जीव नकोसा व्हायचा. लग्नकार्याला जाणंच सोडलं मी.

तुम्ही माप घेताना माझ्या बोटांकडे एकदा पाहिलंत, बोलला काहीच नाहीत. ब्लाऊज हातात आला तर बाहेरून हूकपट्टी नेहमीसारखी आणि आत वेल्क्रोचे छोटे छोटे तुकडे, टोचरी बाजू अंगाकडे येणार नाही असे बसवलेले. कुणाला कळणारही नाही! तुमच्या सुनेनं नंतर सांगितलं, की आधी तुम्ही अखंड पट्टी लावली होती. मग स्वतःच्या बोटांना चिंध्या गुंडाळून ती उघडून पाहिलीत, जोर लागला, म्हणून सगळी उसवून पुन्हा शिवलीत.

काकू, माझं दुखणं कळावं म्हणून कुणी स्वतःची बोटं बांधून घेतली, हे आठवलं की आजही डोळे भरतात. तुमच्या दुकानाला साधी पाटीसुद्धा नाही. अशी बिनपाटीची माणसं गल्लोगल्ली आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचे दिवस निघतात.

वर तुम्ही मला कामही दिलंत. अर्धांगवायूनंतर साडी नेसणं सोडलेल्या तुमच्या गिऱ्हाईक बाईंचा नंबर देत म्हणालात, "माझं त्यांना पटत नाही ताई, तुम्ही बोला." नोकरी सुटल्यापासून कुणाला माझी गरज आहे असं वाटलंच नव्हतं. आता दुपारी त्यांना फोन करायचा असतो, म्हणून सकाळचं दुखणं मी जरा नेटानं सोसते. आधी त्या नुसत्या रडायच्या. हल्ली साड्यांचे रंग सांगतात.

काल त्या तयार झाल्या. निळं कापड मुलाबरोबर पाठवतील. डावा हात वर जात नाही त्यांचा, तेवढा मुंढा सैल ठेवा.

तुमची,
वेल्क्रोवाली ताई