आबालालांचं कोटितीर्थ पोरांना दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारी सकाळी साडेसहाला कोल्हापुरातल्या पंचगंगा घाटावर गेलात, तर पाच-सहा पोरं मांडीवर बोर्ड घेऊन पायऱ्यांवर बसलेली दिसतील. शेजारी पाण्याचा डबा, कागदाच्या चारी कडांना चिकटपट्टी. ऊन शिखरांवरून खाली उतरायच्या आत पहिला वॉश, म्हणजे जलरंगाचा पहिला पातळ थर, उरकायची त्यांची घाई असते, कारण ऊन वर आलं की दगडातला जांभळा टोन निघून जातो. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. ‘काळ्या दगडाला काळा रंग लावू नका, आधी त्याच्याकडं बघा,’ हे याच पायऱ्यांवर बसून पोरांना सांगत आलो.

परवा त्यातल्या एकाला विचारलं, ‘आबालाल रहिमानांचं मूळ चित्र पाहिलंयस का रे?’ ‘मोबाईलवर पाहिलंय, सर,’ म्हणाला. त्याचा जलरंगातला हात चांगला आहे, म्हणून ते उत्तर जास्त लागलं. हे पत्र त्यापायी.

आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. अशा माणसाला विषयांची काय वाण? पण ते राहिले कोटितीर्थ तळ्याकाठी, आणि तेच तळं, तीच काठची झाडं पुन्हा पुन्हा रंगवत बसले. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात सोडली, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. किती सोडली, कशी सोडली, याचा हिशेब मला नको. ज्या पाण्यानं चित्रं दिली त्यालाच ती परत केली, ही गोष्ट या गावानं जपली, यातच आबालाल कुठून चित्र आणत होते ते कळतं. १९३१ मध्ये ते गेले.

इथलेच चित्रकार आणि सिनेमा दिग्दर्शक बाबूराव पेंटर, त्यांचं शिक्षण तर घरातच झालं. वडील कारागीर, हत्यारं हाताशी. आनंदराव पेंटरांबरोबर नाटकांचे पडदे रंगवताना सपाट कापडावर खोली कशी आणायची ते हाताला कळलं, आणि तोच हात पुढं सिनेमाकडं वळला. चंद्रकांत मांडरे नट म्हणून गाजले, पण त्यांची पावडर शेडिंगमधली, म्हणजे कोरडी पूड कागदावर घासून केलेली, निसर्गचित्रं राजारामपुरीतल्या त्यांच्या संग्रहालयात जाऊन एकदा शांतपणे बघावीत. तिथंही अनेकदा मी एकटाच असतो.

माझं मागणं मोठं नाही. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आबालालांची चित्रं आहेत. शाळेची सहल पन्हाळ्याला जाते, जोतिबाला जाते. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा टाउन हॉललाही न्यावं. दुसरं, कोटितीर्थाच्या काठावर आबालालांच्या एका चित्राची टिकाऊ प्रतिकृती लावावी. पोरानं चित्राकडं बघावं, मग पाण्याकडं बघावं आणि काय सोडलं, काय घेतलं हे स्वतः ताडून पाहावं. मी वर्गात वर्षभर बडबडून जे शिकवू शकलो नाही ते तिथं पाच मिनिटांत कळेल.

आणि पाणी उघडं राहायला हवं. कोटितीर्थावर काय, रंकाळा तळ्यावर काय, जलपर्णी पसरली की पाण्यातलं आकाश जातं. उन्हाळ्यात रंकाळ्याचं पाणी उतरलं की तळ्यातला दगडी संध्यामठ पायथ्यापर्यंत उघडा पडतो. तेव्हा त्याचं खाली पडलेलं प्रतिबिंब काढायला मी पोरांना हटकून न्यायचो. हिरव्या थरावर प्रतिबिंब पडत नाही. महापालिकेकडं तळ्यांच्या तक्रारी रोज जात असतील, त्यात चित्रकारांचीही एक धरावी.

प्रतिकृती कुठं लावायची असा प्रश्न निघाला, तर मला बोलवा. कोटितीर्थाच्या कुठल्या कोपऱ्यात सकाळी किती वाजता बसायचं, हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना आणि मला पाठ आहे. आम्ही येऊ.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर