मंगळाच्या ८ कला

महोदय,

नातवाच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन पाहायला गेले होते. सूर्यमालेच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : '१५४३ साली कोपर्निकसने पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सिद्ध केले.' तीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून ते 'सिद्ध' मनाला फार लागलं.

कोपर्निकसने सूर्य मधोमध मांडला, हे धाडस मोठंच. ग्रह वक्री का होतो याचं उत्तर त्यामुळे सोपं झालं. पृथ्वी आतल्या कक्षेतून मंगळाला मागे टाकते, तेव्हा तो आपल्याला उलटा सरकताना दिसतो. पण वर्तुळाचा हट्ट त्याने सोडला नाही. आकाशाशी मेळ बसेना, म्हणून पृथ्वी मधोमध मानणाऱ्या प्राचीन टॉलेमीसारखीच मोठ्या वर्तुळावर लहान वर्तुळं चढवली. पुरावा म्हणावा असं त्याच्या हाती काहीच नव्हतं. पृथ्वी फिरते म्हणून ताऱ्यांच्या जागेत जो सूक्ष्म फरक दिसायला हवा, तो बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने मोजला थेट १८३८ मध्ये!

खरी कलाटणी दिली मंगळाने. टायको ब्राहे या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने दुर्बीण नसताना वर्षानुवर्षं त्याच्या जागा टिपल्या होत्या. १६०१ मध्ये टायको गेला आणि त्या नोंदी त्याचा सहायक केप्लर याच्याकडे आल्या. वर्तुळ धरून केलेलं गणित ८ कलांपर्यंत चुकत होतं. एका अंशाच्या ६० कला. ८ कला म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीचा जेमतेम पाव हिस्सा. एवढ्याशा फरकाकडे कुणीही काणाडोळा केला असता. केप्लरचा टायकोच्या नोंदींवर भरवसा होता, म्हणून त्याने वर्तुळच टाकून दिलं. १६०९ मध्ये त्याने मांडलेली मंगळाची लंबवर्तुळाकार, म्हणजे किंचित चपट्या वर्तुळासारखी कक्षा छापून आली.

मी वर्गात दोन टाचण्या आणि दोरा देऊन मंगळाची कक्षा काढून घ्यायचे. २० सेंटिमीटर रुंदीची काढली, तर उंची फक्त मिलिमीटरभर कमी भरते. पोरं पुन्हा पुन्हा पट्टी लावून बघायची, 'बाई, हे तर गोलच आहे!' टाचण्यांमध्ये मात्र जवळजवळ दोन सेंटिमीटर अंतर, आणि त्यांतल्या एकीच्या जागी सूर्य. प्रदर्शनातल्या तक्त्यावर हीच कक्षा अंड्यासारखी लांबट काढली होती.

विज्ञान शिक्षकांना कळकळीची विनंती : पुढच्या तक्त्यावर 'सिद्ध केले'च्या जागी 'मांडले' लिहा आणि शेजारी मंगळाची कक्षा मुलांकडून खऱ्या मापात काढून घ्या. एका तासिकेचं काम आहे.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा