भरिताने कर्करोग परतत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या थोरल्या बंधूंना गालाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी असे सारे पार पडून चौदा महिन्यांनी तो परतला, तेव्हा भेटायला येणाऱ्या बहुतेकांनी एकच निदान केले: वांग्याचे भरीत खाऊन पथ्य मोडले असणार, नाहीतर तपासणीसाठी तुकडा काढला तेव्हाच हत्यार लागून रोग पसरला. आपल्या खानदेशात हे सर्रास ऐकू येते आणि दुखण्याच्या जोडीला रुग्णाच्या माथी अपराध बसतो, म्हणून हे पत्र.

मग रोग परततो तो कशाने? कॅनडातील टोरांटोचे संशोधक जॉन डिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत सोडल्या, तेव्हा त्यांतील फार थोड्या पेशींनाच रोग नव्याने उभा करता आला. अशा पेशींना कर्करोगाच्या मूलपेशी (इंग्रजीत ‘स्टेम सेल’) म्हणतात. २००३ मध्ये स्तनाच्या आणि २००७ मध्ये डोके-मानेच्या कर्करोगातही त्या आढळल्या. केमोथेरपीचा मारा मुख्यतः भराभर विभागणाऱ्या पेशींवर असतो, तर यांतील काही पेशी दीर्घकाळ निपचित पडून राहतात, आत आलेले औषध बाहेर फेकतात आणि डीएनएची मोडतोड चटकन दुरुस्त करून घेतात. कपाशीतला लव्हाळा निंदला तरी जमिनीतल्या गाठींतून पुन्हा फुटतो, तसेच हे. मात्र ही उपमा एका जागी तुटते. लव्हाळ्याच्या पात्याची गाठ होत नाही. साधी कर्कपेशी मात्र मूलपेशीचे गुण धारण करू शकते, असे पुढच्या प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे केवळ मूलपेशी मारणारे औषध पुरेल काय, हा वाद अजून मिटलेला नाही. (‘स्टेम सेल’ टोचून कोणताही कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींचा या संशोधनाशी काही संबंध नाही, रक्ताच्या कर्करोगातील अस्थिमज्जा प्रत्यारोपण ही वेगळी, प्रस्थापित गोष्ट आहे.)

तंबाखू सोडलीच पाहिजे, त्यात सवलत नाही. परंतु भरिताने रोग परतत नाही, आणि तुकडा तपासल्याशिवाय तर उपचारच ठरत नाहीत. तोंडाचा कर्करोग परतायचा तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो, आणि नेमक्या याच काळात, गाठ गेली म्हणून, फेरतपासण्या टाळल्या जातात. बंधूंच्या दोन फेऱ्या कापूस वेचणीच्या दिवसांत हुकल्या. त्याने रोग परत आणला नाही, पण तो कळायला उशीर झाला. आणि पथ्यावर एवढे बोलणाऱ्या आम्हा घरच्यांपैकी कोणीही त्यांना तेव्हा शेतातून उठवून एसटीत बसवले नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पारोळा (जि. जळगाव)