परक्या मैदानावरचा विजय आणि ९० मिनिटांची बेरीज

महोदय,

एफसी गोवा हा आपला फुटबॉल संघ बाहेरून जिंकून आला की दुसऱ्या दिवशी क्रीडापानावर बातमीशेजारी एक छोटी चौकट दिसते : चेंडूवरील ताबा, फटके, त्यांतले गोलच्या दिशेने किती, कॉर्नर, पिवळी कार्डे. चौकटीत बहुतेक वेळा यजमान वरचढ असतात, आणि तिच्यावरून बातमीचा सूर ठरतो : ‘गोलरक्षकाने तारले’, नाहीतर ‘नशिबाची साथ’. आकडे खोटे नसतात. चूक बेरजेत आहे. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या शिट्टीपर्यंतचे सगळे एकाच रकान्यात ओतले जाते, आणि गोल झाल्याबरोबर दोन्ही संघांचा खेळ पालटतो ही गोष्ट त्यात बुडून जाते.

समजण्यासाठी एक काल्पनिक सामना घेऊ. पाहुण्यांनी २३व्या मिनिटाला गोल केला आणि १-० असाच सामना संपला. फटके : यजमान १६, पाहुणे ७. चौकट वाचून कोणीही म्हणेल, पाहुणे चेपले गेले. आता हेच फटके गोलच्या आधी आणि नंतर असे वेगळे करा. पहिल्या २३ मिनिटांत पाहुण्यांचे ४, यजमानांचे २. उरलेल्या ६७ मिनिटांत पाहुण्यांचे ३, यजमानांचे १४. दर अर्ध्या तासाच्या हिशेबात गोलआधी पाहुणे ५.२ आणि यजमान २.६, गोलनंतर पाहुणे १.३ आणि यजमान ६.३. बरोबरी असताना पाहुणे दुपटीने धारदार होते. पुढे ते मागे सरकले, कारण त्यांना आता गोलची गरज नव्हती. घरच्या प्रेक्षकांसमोर पिछाडीवर पडलेला संघ बगलेचे बचावपटू वर काढतो, मिळेल तिथून फटका मारतो, कॉर्नरमागून कॉर्नर मिळवतो. ती आकडेवारी फळ्यावरच्या गुणसंख्येतून येते. कोणता संघ चांगला, हे ती सांगत नाही.

अर्थात, २३ मिनिटांवरून मोठे निदान करणेही तितकेच कच्चे. त्यावर उपाय सोपा आहे : आठ-दहा बाहेरच्या सामन्यांतली फक्त बरोबरीची मिनिटे एकत्र करा आणि त्यांवर बोला. एखाद्याला लाल कार्ड मिळाले असेल तर तिथून पुढची मिनिटे बाजूला काढा. दहा जणांविरुद्ध अकरा हा वेगळाच खेळ आहे.

दुसरा घोळ फटके मोजण्यात. आपल्याकडे ३० यार्डांवरून स्टँडमध्ये भिरकावलेला चेंडू आणि गोलसमोर सहा यार्डांवरून मारलेला चेंडू, दोन्ही ‘एक फटका’. ‘अपेक्षित गोल’, म्हणजे एक्सजी, हे माप त्यासाठीच आले. आधीच्या हजारो फटक्यांवरून ठरवायचे की अशा जागेवरून, अशा कोनातून, पायाने की डोक्याने मारलेला चेंडू शंभरात किती वेळा जाळ्यात जातो. पेनल्टीची किंमत साधारण ०.७६ ते ०.७९ धरतात. पेनल्टी क्षेत्राबाहेरचा सर्वसाधारण फटका ०.०३-०.०४ च्या आसपास. वरच्या सामन्यात यजमानांच्या १४ पैकी ९ फटके बाहेरून असतील, तर त्या नवांची मिळून किंमत एका पेनल्टीच्या निम्मी भरत नाही.

पण एक्सजीची बेरीजही डोळे झाकून छापू नये. पाहुण्यांना ०.५ किमतीच्या दोन संधी मिळाल्या आणि यजमानांना ०.१ किमतीच्या दहा. दोघांची बेरीज १.०, म्हणजे चौकटीत बरोबरी. प्रत्यक्षात शक्यता मांडली तर पाहुणे सुमारे ३६ टक्के वेळा जिंकतात, यजमान ३१ टक्के वेळा, बाकी बरोबरी. मोजक्या पण मोठ्या संधी घेणाऱ्याला थोडे झुकते माप मिळते, आणि प्रतिहल्ल्यावर खेळणाऱ्या पाहुण्या संघाच्या संधी अशाच असतात. आणखी एक खड्डा रिबाउंडचा. हेडर ०.४, गोलरक्षकाने अडवला, परत आलेला चेंडू ०.७. साधी बेरीज १.१, म्हणजे एकाच हल्ल्यातून एकाहून जास्त गोल! तसे होऊच शकत नाही. दोन्ही हुकण्याची शक्यता ०.६ गुणिले ०.३, म्हणजे ०.१८, ती एकातून वजा केली की हल्ल्याची खरी किंमत ०.८२. प्रतिस्पर्ध्याच्या स्वयंगोलाला तर एक्सजी नसतेच, त्यामुळे तसा गोल मिळून जिंकलेला संघ कागदावर विनाकारण दुबळा दिसतो.

चेंडूवरील ताब्याबद्दल थोडक्यात : हा आकडा अनेक ठिकाणी घड्याळावरून काढतच नाहीत. एका संघाचे पास भागिले दोन्ही संघांचे पास, एवढेच. मागच्या मागे बचावपटूंनी एकमेकांना दिलेले पासही त्यात येतात. ‘६५ टक्के वेळ चेंडू यजमानांकडे’ हे वाक्य म्हणूनच सावधपणे लिहावे.

विभागणी केली की दर वेळी ‘आघाडी मिळाली म्हणून मागे बसले’ असेच निघेल, असेही नाही. १ डिसेंबर २०२२ रोजी कतारच्या विश्वचषकात जपानने स्पेनला २-१ असे हरवले ते १७.७ टक्के ताब्यावर. विश्वचषकात जिंकलेल्या संघाचा नोंदवलेला हा सर्वांत कमी ताबा. मैदान तटस्थ होते, पण धडा इथे लागू पडतो. मोराटाने ११व्या मिनिटाला गोल केल्यावर जपान पिछाडीवर होता आणि तरीही पूर्वार्धात चेंडूमागे धावला नाही. ती आखणी होती. मध्यंतरानंतर काही मिनिटे त्यांनी स्पेनच्या बचावफळीच्या अंगावर जाऊन चेंडू काढला, ४८व्या आणि ५१व्या मिनिटाला गोल केले आणि पुन्हा मागे गेले. दबाव मोजायचे एक माप आहे, पीपीडीए : प्रतिस्पर्ध्याने त्याच्या स्वतःच्या बाजूच्या साठ टक्के मैदानात दिलेले पास भागिले तिथे आपण केलेले टॅकल, इंटरसेप्शन, फाउल वगैरे. आकडा जितका लहान, तितका दबाव जास्त. पूर्ण सामन्याची सरासरी काढली तर जपान सुस्त संघ ठरतो. ज्या मिनिटांनी सामना फिरवला, नेमकी तीच सरासरीत पुसली जातात.

उलट ३ ऑक्टोबर २०२१ चा ड्युरँड चषकाचा अंतिम सामना पाहा. कोलकात्यात, मोहम्मेडन स्पोर्टिंगच्याच शहरात, एफसी गोवा १-० जिंकला आणि एडू बेदियाच्या फ्री किकवर गोल आला तो जादा वेळेत, १०५व्या मिनिटाला. तोवरचा सगळा खेळ बरोबरीतला. अशा सामन्याची एकूण बेरीज छापली तरी फारसे बिघडत नाही.

आता खास गोव्यापुरता मुद्दा. एफसी गोवाच्या ‘बाहेरच्या’ कामगिरीचा तक्ता कोणी मांडला की त्यात २०२०-२१ आणि २०२१-२२ हे आयएसएलचे (इंडियन सुपर लीगचे) हंगाम सरसकट धरलेले असतात. कोविडमुळे ते दोन्ही हंगाम गोव्यातच झाले : फातोर्डा, वास्कोचे टिळक मैदान आणि बांबोळीचे जीएमसी स्टेडियम. साखळीत दर हंगामी दहा, म्हणजे एकूण २० ‘बाहेरचे’ सामने आपला संघ घरापासून तासाभराच्या आत खेळला, तेही रिकाम्या स्टँडसमोर. ना विमानप्रवास, ना परका जमाव, ना गोंगाटात शिट्टी वाजवणारा पंच. युरोपातही प्रेक्षकांविना झालेल्या सामन्यांत यजमानांचा फायदा घटला आणि पाहुण्यांना मिळणारी पिवळी कार्डे कमी झाली. तेव्हा हे वीस सामने बाहेरच्या रकान्यातून काढावेत, आणि त्याच दोन हंगामांतले ‘घरचे’ सामनेही घरच्या रकान्यातून. गोवा प्रोफेशनल लीगमध्येही क्लबांना म्हापशाच्या दुलेरसारखी नेमून दिलेली मैदाने मिळतात, तिथे ‘यजमान’ हा शब्द बऱ्याचदा कागदावरचाच असतो. अशा सामन्यांवर घर-बाहेर विश्लेषण करूच नये.

नोंद ठेवायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. वहीच्या पानावर अर्ध्या मैदानाची आकृती काढा. पेनल्टी क्षेत्र गोलपासून १६.५ मीटर, गोलसमोरची छोटी चौकट ५.५ मीटर, पेनल्टीचा ठिपका ११ मीटर. प्रत्येक फटक्याला त्या जागी क्रमांक द्या आणि शेजारी पाच गोष्टी लिहा : मिनिट, संघ, पाय की डोके, चालत्या खेळातून की कॉर्नर-फ्री किकवरून, आणि त्या क्षणाची गुणसंख्या. बहुतेक जण शेवटची नोंद ‘नंतर भरू’ म्हणून सोडतात आणि मग सगळी विभागणी कोसळते. एकाने बोलायचे, दुसऱ्याने लिहायचे. लिहिणाऱ्याने मान वर केली की फटका हुकतो. बचावपटूने वाटेतच अडवलेला फटका मोजायचा की नाही हे सामन्याआधी ठरवा, कारण खाली बसून बचाव करणाऱ्या संघासमोर असेच फटके सर्वाधिक येतात.

आपल्या चौकटीला यासाठी फक्त एक उभी रेघ जास्त लागेल : डावीकडे बरोबरीतले आकडे, उजवीकडे आघाडीनंतरचे, आणि वर दोन्हींची मिनिटे. जागा कमी पडत असेल तर कॉर्नरची ओळ काढून टाकावी.

आपला,
एक वाचक, फोंडा