आत्याने ग्रुपवर टाकलेल्या फोटोविषयी

दादर, मुंबई

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

आत्याने माझा बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेतला स्टेजवरचा फोटो ग्रुपवर टाकला, तेव्हापासून बाबा फोनवर फक्त पावसाविषयी बोलतात. आई मध्येच रडते आणि मुद्दा राहून जातो. म्हणून पत्र.

आधी कपड्यांचं. मी उतरते त्या फिगर नावाच्या बायकांच्या गटात सगळ्यांना तोच बिकिनीसारखा पोशाख असतो. परीक्षक खांद्यांची गोलाई बघतात, पाठ कमरेकडे कशी निमुळती होते ते बघतात. सलवार-कमीज घालून ते दिसायचं कसं? बाबा, समर्थ व्यायाम मंदिरात दोरीच्या मल्लखांबाला मला तुम्हीच घातलंत. तिथेही आम्ही आखूड कपड्यांतच दोरीवर चढायचो आणि तुम्ही शिवाजी पार्कात भेटेल त्याला कौतुकाने सांगायचात. आई, मी काळवंडले नाहीये, तो रंग आहे. झगझगीत दिव्यांत स्नायूंच्या रेषा दिसेनाशा होतात, म्हणून आदल्या रात्री थरावर थर देतात. हॉटेलच्या चादरींचं काय होतं ते विचारू नकोस.

वजनं उचलण्यापेक्षा उभं राहणं जड जातं. पाच इंची टाचा, पोट आत, पाठ पसरलेली, चेहरा हसरा आणि तसंच चारी बाजूंना वळायचं. पोटरीत गोळा आला तरी हसू हलता कामा नये. रात्री पॅसेजमध्ये सराव करते. खालच्या मजल्यावरच्या काकू टाचांच्या आवाजाने भांडायला आल्या होत्या. आता खुर्ची टाकून बसतात आणि माझा डावा खांदा पडला की वरच्या पट्टीत ओरडतात.

आई, मी उपाशी नाही. तू पाठवलेला उकडा तांदूळच खाते, फक्त काट्यावर मोजून. किलोमागे दोन ग्रॅम धरलं तर मला रोज ११५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात आणि एका अंड्यात मिळतात जेमतेम ६. म्हणून अंडी, कोंबडी, सुरमई. तुझी खरी काळजी पाळीची आहे, ते कळतं मला. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की पाळी थांबते, पुढे हाडंही ठिसूळ होतात. कोचशी माझं ठरलंय: पाळी चुकली की खाणं वाढवायचं, मग शो गेला तरी चालेल. आणि फोटोतलं शरीर दोन-चार दिवसांचंच असतं गं, एरवी मी चांगली गुबगुबीत असते.

बाबा, स्नायू वाढवायच्या इंजेक्शनांचं तुम्ही काकांना विचारायला लावलंत. नाही घेत. इथे कोणीच घेत नाही असं मात्र म्हणणार नाही. बायकांचा आवाज त्याने जड होतो, इंजेक्शनं सोडल्यावरही तो पूर्ववत होत नाही. अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळ्या तर त्याहून वाईट. मोहम्मद बेनअझिझा एवढा मोठा बॉडीबिल्डर, १९९२ मध्ये स्पर्धा संपल्यावर काही तासांत गेला. मी शेवटच्या आठवड्यातही पाणी तोडत नाही. त्यापायी दोन नंबर खाली आले तर येऊ दे.

पैशांचं थोडक्यात. प्रो कार्ड, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांत उतरायचा परवाना, मिळालं म्हणून पगार सुरू होत नाही. पोशाख, रंग, कोच, विमान सगळं आपल्याच खिशातून. घर चालतं ते परळच्या जिममध्ये पहाटे साडेपाचपासून शिकवते त्यावर. तिथे आईच्या वयाच्या एक बाई गुडघ्यांसाठी येतात. परवा त्या हात न टेकता जमिनीवरून उठल्या. कार्ड मिळालं तेव्हाही मी एवढी नाचले नव्हते. तर भाडं वेळेवर जातंय, बाबा, तुमची ती एफडी मोडायची नाही.

आत्याशी मी बोलते, तुम्ही मध्ये पडू नका. शो दिवाळीनंतर आहे, त्यामुळे गणपतीला नक्की येते. मोदक दोन खाईन, तिसऱ्याचा आग्रह नको. काका मुंबईला येणार असतील तर उकडा तांदूळ आणि कोकम द्या त्यांच्याबरोबर, इथलं संपत आलंय.

तुमची,
मनू