ठराव झाला, लेक मात्र मांडवाबाहेरच : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद केल्या, तसं बाकी ग्रामपंचायतींनीही करावं, असं परिपत्रक आपल्या खात्याने 17 मे 2022 रोजी काढलं. नाशिक तालुक्यातल्या आमच्या गावानेही ठराव केला, फोटो काढले. परवा भावाच्या वास्तुशांतीला माझी लेक कलश घ्यायला पुढे झाली. गुरुजी म्हणाले, "ताई, तुम्ही नको. शास्त्रात बसत नाही."

गेल्या वर्षी जावई गेले. ती एकटी द्राक्षबाग सांभाळते, सोसायटीचे हप्ते फेडते, मुलं शिकवते. ती मुकाट्याने मागे सरली. भरल्या मांडवात एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. रात्रभर तिच्या खोलीतला दिवा चालू होता.

गुरुजी खोटं बोलले नाहीत, साहेब. स्कंदपुराणात विधवेला सगळ्या अमंगळांहून अमंगळ म्हटलंय. आई सोडून इतर विधवेचा आशीर्वादही सापाच्या विषासारखा टाळावा, असं लिहिलंय. मी एकादशी करणारा, निवृत्तिनाथांच्या पालखीत चालणारा माणूस आहे. माझं भांडण माझ्यासारख्याच भाविकांशी आहे. "ते प्रक्षिप्त आहे, मागाहून घुसडलेलं आहे, आम्ही मानत नाही," असं घरात शंभरातले नव्वद म्हणतात. मांडवात तेच नव्वद हात जोडून बसतात. त्यांच्याच दक्षिणेवर ते वचन जिवंत आहे. मानत नसाल, तर गुरुजींच्या तोंडावर सांगा ना!

1930 मध्ये बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या सत्याग्रहींना काळारामाचं दार बंद राहिलं. तेव्हा नाशकात रामाचे सज्जन भक्त कमी होते का? पाच वर्षांनी याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांना धर्म सोडण्याची घोषणा करावी लागली.

जादूटोण्याविरुद्ध 2013 ला कायदा आला, सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 ला. माझ्या लेकीच्या वाट्याला नुसतं परिपत्रक! कायदा करा. सिंहस्थाला सरकार पाण्यासारखा पैसा ओतणार, तुम्ही महंतांशेजारी बसणार. त्याच व्यासपीठावरून त्यांना म्हणायला लावा की ही वचनं आम्ही पाळणार नाही. लावाल? कोणत्याच पक्षाने आजवर लावलेलं नाही. मतं मोजायची असली की सगळ्यांचाच धर्म दुखावतो. विधवा दुखावली, तर विधानसभा एक तासही तहकूब होत नाही.

पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्याचं लग्न आहे. पहिली हळद त्याची बहीणच लावेल. ज्याला हरकत घ्यायची, त्याने माझ्यासमोर येऊन घ्यावी.

आपला,
एक वारकरी बाप
ता. जि. नाशिक